कासिल्दाचं शटर

कासिल्दा आयुष्यात नऊ वेळा तोलेदोला गेली होती आणि तिने तोलेदो एकदाही पाहिलं नव्हतं.

पहिली खेप होणाऱ्या नवऱ्याच्या, म्हणजे तेलेस्फोरोच्या, लष्करी शपथेची. भर उन्हात दोन तास उभं राहून तिने हजारभर टोप्या पाहिल्या. त्यातली आपल्या माणसाची कुठली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग द्राक्षमळ्याच्या कागदांसाठी एकदा, तेलेस्फोरोच्या मूत्रपिंडापायी चारदा, मुलीच्या सरकारी परीक्षेला एकदा, कुणाच्या तरी लग्नाला एकदा. राहिली ती मोठ्या मिरवणुकीची खेप. तेव्हा तिच्यापुढे एक आडदांड गृहस्थ उभा राहिला आणि सोन्याची पालखी समोरून निघून गेली. घरी आल्यावर लोकांनी विचारलं, कसं आहे तोलेदो? कासिल्दा म्हणाली, "तपकिरी कोट, मागून फाटलेला."

दर खेपेला कुणीतरी घाई करायला असायचंच. चल गं, बस सुटेल. चल गं, डॉक्टर थांबलेत. शहर नदीच्या वर, डोंगरावर तसंच राहायचं आणि ही मान वळवून वळवून बघत खाली उतरायची.

तर एकाहत्तराव्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, ओट्यावरचा लसूण सोलता सोलता कासिल्दाने ठरवलं की तोलेदो पाहायचं. दोन दिवस, एक रात्र. एकटीने. कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची पिशवी धरणारी म्हणून नाही. रस्ता चुकले तर चुकले. भूक लागेल तेव्हा खाईन, पाय दुखतील तेव्हा बसेन.

आता एकटीने म्हणजे काय, हे पोझोसेकोत कुणाला समजावून सांगायची सोय नाही. आमच्या गावात माणूस एकटा फक्त शवपेटीत असतो, आणि तिथेही चार जण खांदा द्यायला असतात. कासिल्दाची पहिली चूक ही की तिने पावाच्या दुकानात प्रेसेनला विचारलं, "तोलेदोची बस हल्ली किती वाजता असते गं?"

प्रेसेन पाव विकते हे तिचं जोडकाम. मूळ धंदा बातम्यांचा. तिने वर पाहिलं. "का? कुणाचं काय दुखतंय?"

"कुणाचं काही नाही. सहज फिरायला."

"फिरायला? कुणाबरोबर?"

"अजून ठरलं नाही," कासिल्दा म्हणाली. एकटीने हा शब्द ओठांवर आला होता, पण मागे रांग होती.

दुपारपर्यंत महिला मंडळाने बस ठरवली होती. संध्याकाळपर्यंत यादीत अडतीस नावं. दुसऱ्या दिवशी बावन्न, वर जेवणाची सोय, वर सोडत, आणि सोडतीत एक हॅम, डुकराची खारवलेली अख्खी तंगडी. "तुझ्या डोक्यातून निघालं हो हे," म्हणत सगळ्यांनी कासिल्दाचे गालगुच्चे घेतले आणि तिला पुढचं पहिलं आसन बहाल केलं, उलटी होणाऱ्या बायकांच्या शेजारी.

निघायच्या आदल्या दिवशी कासिल्दाचा गुडघा धरला. बस गेली. बावन्न माणसं तोलेदो पाहून आली, हॅम चर्चच्या घंटावाल्याला लागला, आणि गुडघेवालीला म्हणून बदामाची मिठाई आली. कासिल्दाने ती सगळी एकटीने खाल्ली. तेवढंच एकटीने झालं.

दुसरी चूक मुलीला सांगण्याची. नूरिया माद्रिदला असते, दर बुधवारी आणि रविवारी रात्री फोन करते. ती म्हणाली, "आई, वेड लागलंय का? तिथे सगळे चढउतार आणि गुळगुळीत दगड. मी जूनमध्ये सुट्टी काढते, आपण सगळे जाऊ. मुलांना पण दाखवू."

"मुलांना दाखव की. मी तोवर जाऊन येते."

"एकटी? आणि पडलीस तर? आई, खरं सांगू? मला झोप लागत नाही. त्या घरात तू एकटी. काहीही झालं ना, एक जरी फोन आला ना मला त्या गावातून, तर मी गाडी घेऊन येणार आणि तुला उचलून इथे आणणार. खोली रिकामीच आहे."

ती खोली कासिल्दाने पाहिली होती. खिडकीतून समोरच्या इमारतीचं वाळत घातलेलं धुणं दिसतं. मुलगी प्रेमाने बोलत होती, हे तिला कळत होतं, आणि तीच अडचण होती. रागाने बोललेल्याला उत्तर देता येतं.

तेव्हापासून मामला साधा राहिला नाही. तोलेदो पाहायचं, पण कानोकान खबर न लागता. जमलं तर जमलं. फसलं तर नुसती सहल फसणार नव्हती. घर जाणार होतं.

कासिल्दा बेत आखायला बसली ती मात्र एखाद्या सेनापतीसारखी. तेलेस्फोरोच्या मळ्याच्या वहीत, द्राक्षांच्या फवारणीच्या नोंदींमागे, तिने कोरी पानं काढली. वार: गुरुवार आणि शुक्रवार. नूरियाचा फोन बुधवारी रात्री येऊन गेलेला, पुढचा रविवारी. बस: सहा वाजून दहा मिनिटांची. पण ती चौकात थांबते, आणि चौकातल्या बारमध्ये त्या वेळी म्हातारे कॉफीत दारू घालून बसलेले असतात. म्हणून चौकात चढायचं नाही. वीस मिनिटं चालत वाइन सोसायटीच्या फाट्यावर जायचं आणि तिथे हात करायचा.

सामान: बॅग घेतली तर मेलीच. बाजाराची ढकलगाडी घ्यायची. आमच्याकडे बाईच्या मागे चाकांची पिशवी नसेल तर लोक विचारतात. असेल तर बघतही नाहीत. मोबाइल: घरी. त्यात नूरियाने काहीतरी बसवून ठेवलं होतं, त्यामुळे आई कुठे आहे ते तिला माद्रिदमध्ये नकाशावर दिसायचं. तो बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा. आई स्वयंपाकघरात आहे, असं नकाशा खुशाल सांगू दे.

लॉजची खोली तिने दवाखान्याच्या फोनवरून ठरवली, नर्स इंजेक्शनं मोजायला आत गेली तेव्हा.

"किती माणसं?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"एक."

"एक आणि?"

"एक आणि कुणी नाही."

"म्हणजे तुम्ही एकट्याच? बरं बरं. मग मी तुम्हाला वरची देते, गच्चीकडची. जोडप्यांना ती लहान पडते, पण एकट्या माणसाला राजवाडा."

कासिल्दाने फोन ठेवला आणि गालावर हात ठेवून बघितला. गाल गरम होते.

आता या सगळ्यात शेजारणीचं नाव कुठेच आलं नाही, याचं कारण असं की लुदिविनाशी कासिल्दा अकरा वर्षं बोलत नव्हती. भिंतीला भिंत लागून घरं, मधली भिंत इतकी पातळ की एक शिंकली तर दुसरी नाक पुसेल. पण दोघींत विस्तव जात नव्हता. भांडण निळीच्या पट्ट्यावरून. इथे घरं पांढरी, आणि खाली जमिनीलगत निळा पट्टा. त्या गल्लीत तो पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका उंचीवर जायचा. अकरा वर्षांपूर्वी लुदिविनाने घराला रंग दिला आणि आपला पट्टा चार बोटं वर घेतला. ओल येते म्हणाली. कासिल्दा म्हणाली, ओल नाही, मिजास. त्यावर लुदिविना तेलेस्फोरोबद्दल काहीतरी बोलली, तेलेस्फोरो तेव्हा आजारी होता, आणि संपलं. पुढे तो गेला तेव्हा लुदिविना मयताला आली, शेवटच्या बाकावर बसली, तशीच परत गेली. चार बोटं अजून आहेत. कुणीही येऊन पाहावं.

भांडणाआधी, जशी रीत आहे तशी, दोघींच्या घराच्या किल्ल्या एकमेकींकडे असायच्या. त्या परत मागायच्या तर बोलावं लागलं असतं. म्हणून त्या तिथेच राहिल्या. लुदिविनाची किल्ली कासिल्दाच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरखालच्या खिळ्याला होती. कॅलेंडरं अकरा बदलली.

बुधवारी रात्री नूरियाचा फोन येऊन गेला. "बरी आहेस ना आई?" "बरी आहे गं, आता निजते." यात खोटं काहीच नव्हतं. मग तिने ढकलगाडी भरली: रात्रीचा झगा, बदलायचे कपडे, अंड्या-बटाट्याचा भरलेला पाव, एक सफरचंद. गाडीचं डावं चाक वर्षभर कुरकुरत होतं, त्याला ऑलिव्हचं तेल घातलं. कानात लाल खड्यांचे डूल घातले, काढले, परत घातले.

पावणेसहाला ती निघाली. खिडकीचं शटर मुद्दाम वर केलं नाही. ते जुनं लाकडी पट्ट्यांचं, ओढलं की सगळी गल्ली जागी होईल असं कडाडणारं. ते खालीच ठेवलं, दार अलगद ओढून घेतलं, आणि ती पांढऱ्या भिंतींच्या कडेकडेने, न कुरकुरणाऱ्या गाडीसह, गावाबाहेर पडली. फाट्यावर बस थांबली. ड्रायव्हर परगावचा. आत एक माणूस, तोही घोरत. कासिल्दा खिडकीशी बसली आणि अशी हसायला लागली की तिलाच तोंडावर रुमाल धरावा लागला.

साडेआठच्या सुमाराला तोलेदो. खालून वर नेणारा सरकता जिना होता. गुडघ्याने त्याचे आभार मानले. वरच्या चौकात ती एका टेबलाशी बसली, दोन माणसांचं टेबल, दुसऱ्या खुर्चीवर ढकलगाडी. वेटरने विचारलं, "आणखी कुणी येणार आहे?"

"नाही बाबा. माझीच वाट बघत होते, मी आले."

चुरो, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्या, आले, बुडवायला दाट चॉकलेट आलं. कुणी म्हणालं नाही की साखर वाढेल. पहिला चुरो बुडवला, खाल्ला. दुसरा बुडवला. समोर एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर एक बाई गाऊनवर आली आणि तिने कडाकड आवाज करत शटर वर केलं.

कासिल्दाचा हात चॉकलेटवर तसाच राहिला.

हे नीट सांगायला हवं. पोझोसेकोत म्हातारी माणसं एकटी राहतात, आणि त्यांच्या जिवाची खबर शटर देतं. सकाळी नऊपर्यंत शटर वर गेलं, म्हणजे माणूस उठलं. नाही गेलं, तर बेल वाजवायची. बेलला उत्तर नाही, तर हाका. हाकांना उत्तर नाही, तर दार तोडायचं, पोलिसांना कळवायचं, आणि मुलांना फोन. हा नियम गावात कुणी घातला? कासिल्दाने. सहा वर्षांपूर्वी म्हातारी आन्सेल्मा न्हाणीघरात दोन दिवस पडून होती, कुणाला पत्ता नाही. तेव्हा कासिल्दा गल्लीत उभी राहून सगळ्यांवर ओरडली होती, "आपण माणसं आहोत की शेणाचे गोळे?" तेव्हापासून रोज नऊला पावाची पिशवी घेऊन निघताना ती दोन्ही बाजूंच्या चौदा खिडक्या मोजते. दोनदा तिने माणसं वाचवली आहेत. लोकांच्या चौदा खिडक्या तिला तोंडपाठ, आणि स्वतःची पंधरावी तिच्या वहीत कुठेच नव्हती. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं.

चौकातल्या घड्याळात नऊ वाजून सतरा मिनिटं झाली होती.

म्हणजे बेल वाजून झाली असणार. हाका चालू असणार. प्रेसेन एप्रनसकट दारात. कुणीतरी पहार आणायला धावलं असणार. आणि कुणाच्या तरी फोनमध्ये नूरियाचा नंबर. त्या खोलीतलं, समोरचं वाळत घातलेलं धुणं कासिल्दाला इथे बसल्या बसल्या दिसलं. तिला रडू आलं. बावन्न माणसांना तोलेदो मिळालं, मला दीड चुरोसुद्धा मिळू नये, असं तिला वाटलं.

तिने वेटरला हाक मारली. "पोरा, तुझा फोन दे. माझ्या घराचं दार तोडतायत."

पोरगं घाबरून फोन काढून बसलं. कासिल्दाला फक्त तीन नंबर पाठ होते. एक नूरियाचा, तो म्हणजे माद्रिद. एक पावाच्या दुकानाचा. तो म्हणजे गाव, आणि गावामार्गे माद्रिद. तिसरा चाळीस वर्षं जुना, भिंतीपलीकडच्या घरातल्या फोनचा, जो बोटांना अजून येत होता आणि जिभेला नको होता. तिने तो सांगितला.

एकदाच वाजला.

"कोण?"

"मी."

लुदिविना म्हणाली, "शटर वर आहे."

"काय?"

"बहिरी झालीस का? शटर वर आहे म्हटलं. साडेआठला अर्धं, पावणेनऊला पूर्ण. तू करतेस तसंच. शटर ओढायचा तो पट्टा किती कडक झालाय गं! खांदा निखळला माझा. चाकाला तेल घातलंस, तेवढं त्याला घालायचंस."

"चाकाला घातलं ते तुला..."

"वर्षभर कुरकुर ऐकतेय भिंतीतून. काल रात्री एकदम गप्प. आणि पहाटे बघते तर बाई लाल डूल घालून निघाली. लाल डूल घालून कुणी कोबी आणायला जात नाही."

"आणि लोक? मी पावाला गेले नाही..."

"सांगितलं प्रेसेनला."

"काय सांगितलंस?" कासिल्दा ओरडली. शेजारच्या टेबलावरच्यांनी पाहिलं.

"म्हटलं, ती बया रात्रभर खोकतेय, कान किटले माझे, झोप नाही की काही नाही, मरतही नाही एकदाची. प्रेसेन म्हणाली, जाऊन बघते. म्हटलं, जा, तुलाही लागण होऊ दे, मग पाव कोण विकतो बघते. नाही गेली."

कासिल्दाचा जीव भांड्यात पडला. अकरा वर्षांत दुसऱ्या कुणी तिचं मन इतकं बरोबर ओळखलं नव्हतं, तिच्या पोटच्या पोरीनेसुद्धा नाही.

"लुदिविना," ती म्हणाली, "मी तोलेदोला आहे."

"मी विचारलं का?"

"नाही."

"मग? परत कधी?"

"उद्या. संध्याकाळच्या बसने."

"आज रात्री खाली करते, उद्या परत वर करते. आता ठेव फोन, दुसऱ्याचा असणार." आणि तिनेच ठेवला.

मग कासिल्दाने तोलेदो पाहिलं. ते तिने कुणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे मलाही सगळं ठाऊक नाही. एवढं माहीत आहे की ती तीनदा रस्ता चुकली आणि एकदाही कुणाला विचारलं नाही. मोठ्या चर्चमध्ये ती एकाच खांबाशी पाऊण तास बसली, कारण तिथे रंगीत काचेतून ऊन येत होतं आणि ते हळूहळू तिच्या चपलांवरून सरकत होतं. भरला पाव तिने नदीवरच्या कठड्यावर बसून अडीच वाजता खाल्ला. रात्री गच्चीवर अनवाणी उभी राहिली. मान वळवून बघावं लागलं नाही; शहर समोरच होतं.

शुक्रवारी ती परतली, फाट्यावर उतरून, तिन्हीसांजेला. गल्लीत खुर्च्या बाहेर आल्या होत्या. प्रेसेनने लांबूनच विचारलं, "अगं, उठलीस का? खोकला कसा आहे?"

कासिल्दा खोकली. चांगली तीन वेळा खोकली.

"बाई गं, ओला आहे," प्रेसेन म्हणाली आणि खुर्ची दोन पावलं मागे घेतली.

लुदिविना आपल्या दाराशी बसली होती, घेवडा सोलत. कासिल्दाने ढकलगाडी तिच्यासमोर थांबवली. नन्सच्या मठातल्या बदामाच्या मिठाईचा खोका काढून तिच्या मांडीवर, घेवड्यावर, ठेवला. अकरा वर्षांचं ते मौन मोडताना बघायला पुढल्या कोपऱ्यापर्यंतच्या माना वळल्या.

लुदिविनाने खोका उचलून उलटा करून बघितला. "यात साखर जास्त असते," ती म्हणाली आणि हळू आवाजात, घेवड्याकडेच बघत, पुढे बोलली, "माझी किल्ली आहे का अजून तुझ्याकडे?"

"खिळ्याला आहे. कॅलेंडरखाली."

"मग लक्षात ठेव. पुढल्या महिन्याची वीस, एकवीस आणि बावीस. आणि साडेआठला नको उघडूस, उगाच संशय येईल. मी नऊला पाच कमी असेपर्यंत लोळत असते हे सगळ्यांना माहीत आहे."

कासिल्दाच्या ओठांवर 'कुठे' आलं होतं. तिने ते गिळलं, दारातून आपली खुर्ची आणली आणि घेवड्याची अर्धी रास आपल्या मांडीवर घेतली.

"नऊला पाच कमी," ती म्हणाली.